शेळ्या, सोने आणि बुडालेली जहाजे

श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनच्या शाळेत समुद्र शिकवायला नकाशा लागत नाही. दिवेआगरचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे आणि दिघीहून आगरदांड्याला जाणारी फेरीबोट मुलांच्या ओळखीची आहे. पण या पाण्याच्या खाली काय आहे हे किनाऱ्यावरच्या मुलांनाही सहसा दिसत नाही. उत्तरेला राजपुरीची खाडी, दक्षिणेला सावित्रीचे बाणकोटजवळचे मुख. दोन्हीकडून येणारा गाळ पाणी गढूळ ठेवतो. म्हणून ज्यांना समुद्राच्या आत डोकवायचे असते ते खाली मालवण-तारकर्लीला नाहीतर गोव्यात ग्रँड बेटापाशी जातात. शाळा-कॉलेजांच्या सहलींतही आता स्कूबाची मागणी होऊ लागली आहे.

त्यात आणखी एका आकर्षणाची भर पडू घातली आहे. ‘गुलदार’ हे भारतीय नौदलाचे सुमारे ८४ मीटर लांबीचे जहाज १९८५ साली सेवेत आले आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन केले. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या खडकांजवळ ते मुद्दाम तळाशी बसवायचे, त्यावर प्रवाळ आणि मासे वस्ती करतील आणि पाणबुड्या पर्यटकांना ते पाहता येईल, अशी ही योजना आहे. गोव्यात ग्रँड बेटाजवळच्या एका जुन्या आगबोटीचा सांगाडा पर्यटक पूर्वीपासून पाहत आले आहेत.

बुडालेले जहाज पाहण्याची ओढ कोणालाही वाटेल. प्रश्न असा की, कोणाच्या भरवशावर उतरायचे? जाहिरातीच्या फलकावर रंगीत मासे असतात, फोटो आणि व्हिडिओ फुकट मिळतील असे लिहिलेले असते आणि दर असतो. विचारायला हव्यात त्या गोष्टी फलकावर नसतात. त्या कोणत्या हे समजायला इतिहासात थोडे मागे जावे लागते, कारण पाण्याखाली जिवंत राहण्याचे बहुतेक नियम माणूस बुडालेल्या जहाजांवरच शिकला.

आधी थोडे भौतिकशास्त्र. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, तीस मीटरवर ४. सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. हा बॉइलचा नियम आपण आठवी-नववीत शिकवतो, पण पाण्याखाली तो जीवन-मरणाचा नियम होतो. श्वास रोखून शिंपले काढायला बुडी मारणारा माणूस वरची हवा घेऊन खाली जातो. ती आत दाबली जाते आणि वर येताना पुन्हा मूळच्या आकाराची होते. नळकांड्यातून श्वास घेणाऱ्याचे तसे नाही. दहा मीटर खोलीवर त्याला दुप्पट दाबाची हवा मिळते. ती छातीत कोंडून तो वर आला तर सहा लिटर हवा बारा लिटर व्हायला पाहते. फुप्फुसे काठोकाठ भरलेली असताना श्वास रोखून जेमतेम दीड मीटर वर आले तरी इजा होऊ शकते. म्हणजे उथळ पाणी तितके निर्धोक, हा आपला समज इथे चालत नाही. सर्वांत मोठा फरक शेवटच्या दहा मीटरांतच पडतो.

आता जहाजांकडे वळू. १७८२ साली इंग्लंडमध्ये पोर्टस्मथजवळ ‘रॉयल जॉर्ज’ ही युद्धनौका नांगरलेल्या अवस्थेतच बुडाली. शेकडो माणसे गेली आणि सांगाडा बंदराच्या वाटेत पडून राहिला. तो फोडून काढण्याचे काम १८३९ साली कर्नल पास्ली यांनी हाती घेतले. त्यांचे पाणबुडे पितळी शिरस्त्राण आणि जलरोधक पोशाख घालून सुमारे वीस मीटर खाली उतरत; वरून पंपाने हवा येई. तिथे दोन गोष्टी घडल्या. एका पाणबुड्याची हवेची नळी सांगाड्यात अडकली आणि ती तोडून त्याला तसेच वर यावे लागले. आणि पाणबुड्यांनी एकट्याने न उतरता जोडीने उतरावे, ही पद्धत नोंदवली गेली ती इथेच पहिल्यांदा. आज स्कूबा शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी जोडीदार नेमून देतात, त्याचे मूळ या कुजक्या लाकडांच्या ढिगाऱ्यात आहे. पास्लींच्या माणसांना आणखी एक तक्रार होती: सांधे फार दुखतात. थंडीमुळे संधिवात, असे सर्वांनी मानले.

ते थंडीमुळे नव्हते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली खरे कारण दाखवून दिले. हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस हळूहळू वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो, पण भरकन वर आला तर शरीरातच बुडबुडे होतात. सोड्याची बाटली एकदम उघडली तर काय होते हे वर्गात दाखवायला पाच मिनिटे पुरतात. बुडबुडा सांध्यात अडकला तर असह्य कळा, मज्जारज्जूत अडकला तर पक्षाघात, कधी मृत्यू. वेदनेने माणूस वाकतो म्हणून अमेरिकन कामगारांनी या आजाराला ‘बेंड्स’ हे नाव ठेवले.

बेर यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, पण ज्यांना त्याची गरज होती त्यांच्यापर्यंत ते गेले नाही. १९०० साली ग्रीसमधल्या अँटिकिथिरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना दोन हजार वर्षांपूर्वीचे एक जहाज सापडले. त्यातून ब्राँझचे पुतळे निघाले आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले दंतचक्रांचे खगोलयंत्रही निघाले. खोली सुमारे ४५ ते ५० मीटर. किती वेळ खाली राहायचे आणि किती सावकाश वर यायचे, याचा हिशेब कोणाकडे नव्हता. त्या मोहिमेत एक पाणबुड्या मेला आणि दोघे कायमचे अपंग झाले. बुडालेल्या जहाजावरचे हे पहिले मोठे पुरातत्त्वीय काम. पुतळ्यांचे फोटो पाठ्यपुस्तकांत येतात, त्या तिघांचा उल्लेख क्वचित येतो.

हिशेब आला तो नंतर सातच वर्षांनी. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी न्यावेत असे सुचवणारे जॉन स्कॉट हॉल्डेन यांना ब्रिटिश नौदलाने या कामाला लावले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादाची एक दाबखोली होती. हॉल्डेन यांनी तिच्यात शेळ्या ठेवल्या. शेळीच का? तिचे आकारमान उंदीर-सशापेक्षा माणसाच्या जवळचे आणि सांध्यात कळ आली की ती पुढचा पाय उचलून धरते. दुखते आहे हे खिडकीतून पाहणाऱ्यालाही कळते. दाब किती, वेळ किती, उतरवला किती वेगाने आणि पाय उचलला की नाही, अशा नोंदी जमत गेल्या. दोन वातावरणांवरून एकावर आणले तर शेळ्यांना काही होत नव्हते. मग चारावरून दोनावर आणले तरी होऊ नये, कारण प्रमाण तेच. हॉल्डेन यांनी हाच नियम केला: दाब निम्मा होईपर्यंत वर या, तिथे थांबा, जास्तीचा नायट्रोजन जाऊ द्या, मग पुढे. तीस मीटरवरून, म्हणजे चार वातावरणांवरून निघालेला माणूस प्रथम दहा मीटरवर थांबेल. पुढचे टप्पे काढायला त्यांनी शरीराचे पाच गट मानले. काही ऊती पाच मिनिटांत अर्ध्या भरतात, काहींना पंचाहत्तर मिनिटे लागतात. १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रात डेमंट आणि कॅटो हे दोघे २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप आले आणि १९०८ साली कोष्टके छापली गेली. पुढे निम्मेपणाच्या नियमात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण पाणबुड्याच्या मनगटावरचा आजचा संगणकही मूळ याच पद्धतीने विचार करतो.

त्या स्कॉटलंडच्या प्रयोगात हॉल्डेन यांच्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवले होते, अंगाला मोठ्या होणाऱ्या आणि गळक्या पोशाखात! हा मुलगा म्हणजे पुढचे प्रख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ मध्ये ते भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९३९ मध्ये ‘थेटिस’ पाणबुडी ९९ माणसांसह बुडाली तेव्हा त्यांनी स्वतःला दाबखोलीत कोंडून प्रयोग केले. प्राणवायूच्या अतिरेकाने झटके येऊन त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. शाळेच्या सहलीत गळका पोशाख कोणी खपवून घेऊ नये, हे मात्र सांगायला हवे.

कोष्टकांची खरी परीक्षा पुन्हा बुडालेल्या जहाजावरच झाली. जानेवारी १९१७ मध्ये ‘लॉरेंटिक’ हे जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगांवर आदळून बुडाले. त्यात सोन्याच्या ३२११ विटा होत्या. खोली सुमारे चाळीस मीटर, म्हणजे अँटिकिथिरापेक्षा फार कमी नाही. प्रमुख होते तेच डेमंट, हॉल्डेन यांचे सहकारी. हिवाळ्याच्या वादळांत सांगाडा दबला, सोन्याच्या कोठडीकडे जाणारी वाट चेपली आणि दरवर्षी कामाची आखणी नव्याने करावी लागली. १९२४ पर्यंत ३१८६ विटा वर आल्या. हजारो वेळा माणसे खाली गेली, पण एकाचाही जीव गेला नाही. मला वाटते, या कामगिरीतला मोठा विक्रम सोन्याचा नव्हे.

यानंतरची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९ मे १९२२ रोजी ‘इजिप्त’ ही आगबोट लंडनहून मुंबईला निघाली. तिच्यात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात दुसऱ्या एका आगबोटीची धडक बसून ती वीसेक मिनिटांत बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. मुंबईकडे निघालेले सोने सव्वाशे मीटर खोल पाण्यात गेले. तिथे साधा पाणबुड्या जाणे शक्यच नव्हते. एका इटालियन कंपनीने ‘आर्टिग्लिओ’ नावाच्या नौकेवरून निराळी युक्ती केली. जाड काचांच्या खिडक्या असलेल्या पोलादी कोठीत माणूस बसवून खाली सोडायचा. आत दाब साधाच. तो टेलिफोनवरून सांगेल तसा वरून सोडलेला पंजा हलवायचा. १९३० साली ‘इजिप्त’ सापडली.

पण त्याच हिवाळ्यात, वेळ रिकामा जाऊ नये म्हणून, याच नौकेने दुसरे काम घेतले: पहिल्या महायुद्धातल्या एका दारूगोळ्याच्या बुडालेल्या जहाजाचा सांगाडा सुरुंगाने उडवण्याचे. सुरुवातीला स्फोट करताना नौका चांगली दूर नेत. एकामागून एक सुरुंग उडाले, आतल्या दारूगोळ्याला काहीच झाले नाही. बारा वर्षे पाण्यात भिजलेली दारू आता निकामी झाली, असे वाटू लागले आणि अंतर कमी होत गेले. ७ डिसेंबर १९३० रोजी ती दारू उडाली. ‘आर्टिग्लिओ’ बुडाली आणि त्या काळचे तीन निष्णात पाणबुडे व त्यांचे अनेक सोबती मेले. दुसऱ्या नौकेने १९३२ मध्ये ‘इजिप्त’मधून सोने काढले. या अपघातातली चूक कोष्टकाची नव्हती आणि खोलीचीही नव्हती. काल काही झाले नाही म्हणून आज थोडे जवळ गेले, एवढेच.

या साऱ्या कहाण्यांत एक गोष्ट लक्षात घ्या. खाली एक माणूस असे आणि वर दहा. पंप फिरवणारे, दोरी धरणारा, घड्याळ पाहणारा, कधी डॉक्टर. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून हवी तेवढी हवा देणारा रेग्युलेटर केला आणि पाणबुड्या वरच्या नळीतून सुटला. पाण्याखाली जाणे हा छंद झाला, पर्यटन झाले. नळी गेली, पण वरच्या दहा माणसांची गरज गेली नाही. ते काम आता स्कूबा चालकाकडे आले. आपण पैसे देतो ते नळकांड्याच्या भाड्याचे नव्हेत, वरच्या माणसांचे.

म्हणून पहिली चौकशी कागदाची. १९६० च्या दशकात प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. प्रशिक्षकाकडे अशा संस्थेचे चालू प्रमाणपत्र असते आणि विचारले तर ते दाखवायला हवे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात चालकांची नोंदणी आहे. तीही विचारावी. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्वतःची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. ज्याला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत तिथून सरळ उठावे.

मग काय देऊ करतात ते पाहावे. प्रशिक्षण नसलेल्या पर्यटकाला प्रशिक्षकाने धरून उथळ पाण्यात नेणे हा एक प्रकार; त्याला बारा मीटरची मर्यादा मानतात आणि वय किमान दहा. बुडालेल्या जहाजावर जाणे हा वेगळा प्रकार. त्याला आधी प्राथमिक अभ्यासक्रम हवा, ज्याने अठरा मीटरपर्यंतची परवानगी मिळते. जहाजाच्या बाहेरून फिरणे आणि आत शिरणे यांतही जमीन-अस्मानाचा फरक. आत गेल्यावर वर जायला वाट नसते. डोक्यावर पोलाद असते. एक पाय चुकीचा हलला की साचलेला गाळ उठतो आणि दार दिसेनासे होते. गुहांमध्ये उतरणाऱ्यांनी अनेक मृत्यूंनंतर जे नियम केले तेच इथे लागू पडतात: बाहेरपर्यंत अखंड दोरी, एकाहून अधिक दिवे, आणि हवेचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. अपूर्णांकांच्या तासाला हे उदाहरण वापरून पाहावे. ‘या, आतून पण दाखवतो’ असे नवख्या पर्यटकाला म्हणणारा माणूस कितीही प्रेमळ असो, त्याच्यासोबत जाऊ नये.

मुद्दाम बुडवलेल्या जहाजातून तेल, तारा, ॲस्बेस्टॉस काढतात, दारे कापून मोकळी करतात. अपघाताने बुडालेल्या जहाजाचे असे काहीच झालेले नसते. आणि दोघांवरही कोकणचा पावसाळा जातो. ‘लॉरेंटिक’ची वाट एका हिवाळ्यात चेपली होती. आपल्याकडे जलक्रीडा पावसाळ्यात बंद असतात, पण मोसम उघडल्यावर पर्यटक नेण्याआधी तो सांगाडा कोणी पुन्हा तपासला का, हे विचारायलाच हवे.

नावेकडे मात्र आपले लक्ष सर्वांत कमी जाते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची नौका किनाऱ्यानजीक उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा भाग आटोपला होता, माणसे घरी निघाली होती. रायगडच्या माणसाला यात १७ जुलै १९४७ आठवल्याशिवाय राहणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. नावेत किती जण बसणार, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे का (बाकाखाली नव्हे), माणसे पाण्याखाली असताना नावेवर कोण थांबते, वारा पडला नाही तर फेरी रद्द करतात का, हे सगळे किनाऱ्यावरच पाहता येते.

आजारी पडल्यास काय? बुडबुड्यांच्या आजारावर पहिला उपचार शुद्ध प्राणवायू आणि पुरा उपचार दाबखोलीत. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात नौदलाची वैद्यकीय संस्था आहे, तिथे अशी खोली आहे. पण मालवणहून ती सुमारे पाचशे किलोमीटरवर. तेव्हा नावेतच प्राणवायूचे नळकांडे आहे का आणि ते वापरायला कोण शिकला आहे, हा प्रश्न कोकणात दुप्पट महत्त्वाचा. उतरण्याआधी दमा, हृदय, कान, नुकतीच झालेली सर्दी यांची लेखी विचारणा झाली नाही, तर तेही वाईट लक्षण.

शेवटी घाटाचे. स्कूबानंतर लगेच विमानात बसू नये, हे बऱ्याच जणांना माहीत असते. एकदाच उतरलेल्याने बारा तास आणि अनेकदा उतरलेल्याने अठरा तास थांबावे असा संकेत आहे. पण हवेचा दाब कमी व्हायला विमानच लागते असे नाही. सुमारे सहाशे मीटरच्या वर चढणे याच हिशेबात धरतात आणि आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे राहिलेल्याला धोका थोडा, जहाजावर दोन-तीनदा उतरलेल्याला तो खरा. बोर्ली पंचतनची सहल महामार्गाने परतत असेल तर वाटेतले घाट बुटके आहेत. कोल्हापूर-बेळगावच्या शाळेने मात्र स्कूबा पहिल्या दिवशी सकाळी ठेवावे, रात्र मालवणात काढावी आणि घाट दुसऱ्या दिवशी दुपारी चढावा.